फॉक्सकॅचर : संपत्ती, कुस्ती आणि मिंधेपणा

सत्य गुन्ह्यावर आधारलेल्या चित्रपटाकडून प्रेक्षकांची अपेक्षा ठरलेली असते : खून, तपास, पुरावे, खटला आणि अखेरीस खुनामागील हेतूचा उलगडा. बेनेट मिलर यांनी दिग्दर्शित केलेला 'फॉक्सकॅचर' हा २०१४चा अमेरिकी चित्रपट यांपैकी जवळजवळ काहीच देत नाही. १३४ मिनिटांच्या या चित्रपटात खून येतो तो अगदी शेवटी. तपास आणि खटला तर नाहीतच. एका गर्भश्रीमंताच्या छत्राखाली आलेल्या दोन कुस्तीगीर भावांचे आयुष्य हळूहळू कसे आक्रसत गेले, एवढेच हा चित्रपट दाखवितो. त्याची गती संथ आहे, संवाद तोकडे आहेत आणि शांतता मोठी आहे. या शांततेमागे जे वास्तव दडले आहे, ते चित्रपटाइतकेच, किंबहुना काही बाबतींत त्याहूनही अधिक अस्वस्थ करणारे आहे.

घटना

२६ जानेवारी १९९६. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात, फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस न्यूटाउन स्क्वेअर येथे सुमारे ८०० एकरांची एक इस्टेट होती. तिच्या आवारातील एका घरासमोर डेव्ह शुल्ट्झ हा ३६ वर्षांचा ऑलिम्पिक विजेता मल्ल आपल्या मोटारीचे काम करीत होता. इस्टेटीचा मालक जॉन ड्यूपाँट मोटार घेऊन तेथे आला आणि त्याने डेव्हवर तीन गोळ्या झाडल्या. डेव्हची पत्नी नॅन्सी हिने हे आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर ड्यूपाँट आपल्या प्रासादात जाऊन बसला. पोलिसांनी दोन दिवस वेढा घातला. ऐन हिवाळ्यात घरातील उष्णतेची यंत्रणा बंद करण्यात आली आणि ती पाहण्यासाठी बाहेर पडलेला ड्यूपाँट २८ जानेवारीला पोलिसांच्या हाती लागला.

खटल्यात बचाव पक्षाने मनोविकाराचा आधार घेतला. भ्रम आणि संशय यांनी ग्रासणारा पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया हा आजार ड्यूपाँटला असल्याचे निदान झाले होते. प्रारंभी न्यायालयाने त्याला खटल्यास सामोरे जाण्यास असमर्थ ठरविले व उपचारासाठी मनोरुग्णालयात पाठविले. पुढे खटला चालला आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये ज्यूरीने त्याला पूर्वनियोजन नसलेल्या, म्हणजे तृतीय श्रेणीच्या खुनाबद्दल दोषी, परंतु मानसिकदृष्ट्या आजारी ठरविले. शिक्षा झाली १३ ते ३० वर्षांच्या कारावासाची. ९ डिसेंबर २०१० रोजी वयाच्या ७२व्या वर्षी तो कैदेतच मरण पावला. डेव्हलाच त्याने का मारले, याचे समाधानकारक उत्तर मात्र खटल्यातूनही मिळाले नाही.

घराणे आणि वारस

ड्यूपाँट हे अमेरिकेतील अत्यंत जुन्या उद्योगघराण्यांपैकी एक. फ्रान्समधून आलेल्या एल्युथेर इरेने ड्यूपाँट याने १८०२ मध्ये डेलावेअर राज्यातील ब्रँडीवाइन नदीच्या काठी बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला. अमेरिकेच्या यादवी युद्धात या घराण्याच्या दारूला मोठी मागणी होती. विसाव्या शतकात ही कंपनी रसायन उद्योगात गेली आणि नायलॉनसारख्या शोधांनी घरोघरी पोहोचली. १९३८ मध्ये जन्मलेला जॉन हा या संस्थापकाच्या पाचव्या पिढीतील वंशज. संस्थापक त्याचे खापरपणजोबा.

जॉनचे वडील विल्यम ड्यूपाँट (धाकटे) हे शर्यतीच्या घोड्यांचे नामवंत मालक होते. 'फॉक्सकॅचर' हे मुळात त्यांच्या तबेल्याचे नाव. त्यांच्या 'रोझमाँट' या घोड्याने १९३७ मध्ये प्रख्यात 'सीबिस्किट'ला हरविले होते आणि 'डॉबर'ने १९३८ची प्रीकनेस शर्यत जिंकली होती. जॉन अगदी लहान असतानाच आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि तो आईपाशी वाढला. आई जीन हिलाही घोड्यांचाच नाद. तिच्या इस्टेटीचे नाव लिसेटर हॉल फार्म. १९८८ मध्ये आईचे निधन झाल्यावर जॉनने त्या इस्टेटीला वडिलांच्या तबेल्याचे नाव दिले. सोडून गेलेल्या पित्याच्या नावलौकिकावर एकाकी पुत्राने असा हक्क सांगितला. चित्रपटाचे शीर्षक हेच आहे.

जॉन केवळ ऐदी श्रीमंत नव्हता, हेही नमूद करावयास हवे. तो पक्षी आणि शिंपले यांचा अभ्यासक होता. नैसर्गिक विज्ञानात त्याने डॉक्टरेट मिळविली होती. फिलिपीन्स आणि दक्षिण प्रशांत महासागरातील पक्ष्यांवर त्याचे ग्रंथ आहेत आणि डेलावेअर येथील निसर्गविज्ञान संग्रहालयाचा तो संस्थापक होता. तिकीटसंग्राहकांच्या जगात तर त्याचे नाव अजरामर म्हणावे लागेल. ब्रिटिश गयानाचे १८५६चे एक सेंट किमतीचे किरमिजी तिकीट हे जगातील सर्वांत दुर्मीळ मानले जाते. ते त्याने १९८० मध्ये ९ लाख ३५ हजार डॉलरना विकत घेतले होते. त्याच्या मृत्यूनंतर, २०१४ मध्ये, ते लिलावात सुमारे ९५ लाख डॉलरना विकले गेले. ज्या वर्षी हा चित्रपट पडद्यावर आला, त्याच वर्षी.

परंतु त्याला हवा होता तो खेळाडूचा सन्मान. तरुणपणी तो आधुनिक पेन्टाथलॉनमध्ये उतरला. ऑलिम्पिकपर्यंत पोहोचणे जमले नाही. मग त्याने खेळाडूंचे पालकत्व पत्करले. जे स्वतःला जिंकता आले नाही, ते दुसऱ्याच्या हातून जिंकावे आणि श्रेयाचा वाटा आपल्याकडे घ्यावा, असा तो व्यवहार होता.

दोन भाऊ

डेव्ह आणि मार्क शुल्ट्झ यांच्या वयांत जेमतेम दीड वर्षाचे अंतर. आईवडील विभक्त झालेले. त्यामुळे डेव्ह हा मार्कचा थोरला भाऊ, मित्र आणि वस्ताद असे सर्व काही होता. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत डेव्हने ७४ किलो आणि मार्कने ८२ किलो वजनी गटात सुवर्णपदक पटकावले. सोव्हिएत गटाच्या बहिष्कारामुळे त्या पदकांचे मोल कमी लेखले जाऊ शकले असते. परंतु डेव्ह १९८३ मध्येच जगज्जेता झाला होता आणि मार्कने १९८५ व १९८७ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवून ती शंका उरू दिली नाही.

डेव्हचे व्यक्तिमत्त्व विलक्षण लाघवी होते. शीतयुद्धाच्या काळात तो रशियन भाषा शिकला आणि ज्या सोव्हिएत मल्लांशी झुंजावयाचे त्यांच्याशीच त्याने मैत्री केली. त्यांचे डाव त्याने आत्मसात केले. मार्कचा स्वभाव याच्या अगदी उलट, अबोल आणि धुमसणारा.

या कहाणीचा आर्थिक पाया येथे समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीला मान आहे, शिष्यवृत्त्या आहेत, प्रेक्षकही आहेत. परंतु पदवी हाती पडली की मल्लाचा निर्वाह कशावर व्हावा, याला त्या काळी उत्तर नव्हते. सोव्हिएत मल्लाच्या पाठीशी सरकार उभे असे. अमेरिकी मल्लाच्या पाठीशी फारसे कोणी नसे. सुवर्णपदक विजेताही एखाद्या विद्यापीठातील साहाय्यक प्रशिक्षकाच्या तुटपुंज्या पगारावर गुजराण करी. राजाश्रयावर पोसलेल्या तालमी मराठी वाचकास ठाऊक आहेत. अमेरिकेत ड्यूपाँटने उघडली ती अशीच एका धनिकाच्या आश्रयाची तालीम होती. त्याने आधी व्हिलानोव्हा विद्यापीठात आपल्या पैशावर कुस्तीचा संघ उभारला आणि १९८६ मध्ये मार्कला तेथे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून आणले. दोन वर्षांतच विद्यापीठाने तो संघ बंद केला. इस्टेटीवर मात्र अद्ययावत प्रशिक्षण केंद्र, राहण्यास घरे, मासिक वेतन असे सारे होते. अमेरिकेच्या कुस्ती महासंघालाही त्याच्या देणग्या मिळत होत्या. 'टीम फॉक्सकॅचर' हे नाव त्यामुळे काही वर्षे अमेरिकी कुस्तीत अग्रभागी राहिले.

पडद्यावरील कथा

चित्रपटाचा प्रारंभ जुन्या कृष्णधवल चित्रफितींनी होतो : घोडे, शिकारी कुत्रे आणि कोल्ह्याची शिकार करणारे उमराव. त्यानंतर दिसतो तो एका बाहुल्याशी एकट्याने सराव करणारा मार्क (चॅनिंग टेटम). एका शाळेत तो मुलांसमोर भाषण करतो आणि २० डॉलरचा धनादेश घेतो. तेथेही बोलावणे आलेले असते ते डेव्हला. आपले पदक मोठे, पण भाऊ त्याहून मोठा, ही त्याची सल पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकांपर्यंत पोहोचते.

अशा वेळी जॉन ड्यूपाँटचे (स्टीव्ह करेल) बोलावणे येते. देशाने तुझ्यासारख्यांचा सन्मान केला नाही, मी करीन, हा त्याच्या बोलण्याचा आशय. मार्क त्याच्या इस्टेटीवर राहू लागतो. हळूहळू आश्रयदाता हा वस्ताद होऊ पाहतो, मग पिता, मग मालक. तो मार्कला अमली पदार्थाची चटक लावतो, त्याच्याकडून आपल्या गौरवाची भाषणे पाठ करून घेतो आणि एके दिवशी सर्वांदेखत त्याला थप्पड मारून डेव्हला आणण्याचे ठरवितो. पत्नी व मुलांसह स्थिरावलेला डेव्ह (मार्क रफालो) आधी नकार देतो, नंतर येतो. डेव्ह कोणाचा अपमान करीत नाही, परंतु कोणापुढे वाकतही नाही. ड्यूपाँटला पेलवत नाही ते नेमके हेच.

चित्रपटातील दोन प्रसंग विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला प्रसंग वृद्ध आई (व्हेनेसा रेडग्रेव्ह) चाकांच्या खुर्चीतून तालमीत येते तो. तिला कुस्ती हा हलक्या दर्जाचा खेळ वाटतो. तिला पाहताच ड्यूपाँट सर्व मल्लांना गोळा करतो आणि ऑलिम्पिक विजेत्यांना कुस्तीची मुळाक्षरे शिकविण्याचा आव आणतो. आई काही न बोलता निघून जाते. दुसरा प्रसंग ड्यूपाँटवर तयार होणाऱ्या माहितीपटाचा. जॉन हा आपला गुरू आहे, असे डेव्हने कॅमेऱ्यापुढे म्हणावे, अशी अपेक्षा असते. डेव्ह दुष्ट नाही, कृतघ्न तर नाहीच. परंतु ते एक वाक्य त्याच्या तोंडून निघता निघत नाही. खाल्ल्या मिठाला जागावे की आपल्या विद्येला, असा हा पेच आहे. सारा चित्रपट त्या एका अडखळण्यात सामावला आहे.

दिग्दर्शन आणि अभिनय

मिलर यांच्या आधीच्या दोन चित्रपटांचे धागे येथे एकत्र आलेले दिसतात. 'कपोटी' (२००५) हा कॅन्ससमधील एका हत्याकांडावर पुस्तक लिहिणाऱ्या ट्रुमन कपोटी या लेखकावरील चित्रपट, तर 'मनीबॉल' (२०११) हा बेसबॉल आणि पैसा यांच्या नात्यावरील. 'फॉक्सकॅचर'मध्ये गुन्हा, खेळ आणि पैसा ही तिन्ही सूत्रे आहेत. पटकथा ई. मॅक्स फ्राय आणि डॅन फटरमन यांची; फटरमन यांनीच 'कपोटी'ची पटकथा लिहिली होती. ग्रेग फ्रेझर यांच्या छायाचित्रणात धुके, ओलसर गवत आणि फिकट प्रकाश यांचे साम्राज्य आहे. पार्श्वसंगीत अत्यंत मितव्ययी आहे. प्रेक्षकाला काय वाटावे हे संगीताने सांगण्याची हॉलिवूडची सवय येथे कटाक्षाने टाळली आहे.

विनोदी नट म्हणून ख्यातनाम असलेल्या स्टीव्ह करेल यांनी कृत्रिम नाक, किंचित मागे झुकलेली मान आणि वाक्यांमधील दीर्घ विराम यांतून ड्यूपाँट उभा केला आहे. मिलर यांचा धोरणीपणा असा, की विनोदी नटाची लकब त्यांनी पूर्णपणे पुसली नाही. प्रारंभी ड्यूपाँट हास्यास्पदच वाटतो, आणि त्याच्या भोवतालच्या माणसांप्रमाणे प्रेक्षकही त्याला 'विक्षिप्त श्रीमंत' म्हणून सोडून देतो. चॅनिंग टेटम यांचा मार्क देहाने अवाढव्य आणि मनाने पोरका आहे. मार्क रफालो यांनी डेव्हची चाल, त्याचे वाकलेले खांदे आणि समोरच्याला सहज जवळ घेणारा हात हे सर्व बारकाईने उचलले आहे. चित्रीकरणात त्यांनी वापरलेला चष्मा डेव्हचाच होता. तो नॅन्सीने दिला होता. सुरुवातीस दोन भावांच्या सरावाचा एक शब्दविरहित प्रसंग आहे. प्रेमळ पकडीने सुरू झालेली झोंबाझोंबी बघता बघता रक्त काढण्यापर्यंत जाते आणि पुन्हा शांत होते. मॅटवरील कुस्तीचे इतके विश्वसनीय चित्रण चित्रपटांत क्वचितच आढळते.

सत्य आणि पटकथा

सत्यकथेवरील चित्रपटाने काळ आणि घटना यांची मोडतोड करणे नवे नाही. परंतु 'फॉक्सकॅचर'ने केलेला एक बदल मूलगामी आहे. चित्रपटात मार्क आणि डेव्ह इस्टेटीवर एकत्र राहतात. सोल ऑलिम्पिकमध्ये मार्क पराभूत होतो आणि निघून जातो. त्यानंतर लवकरच खून झाला, असा प्रेक्षकाचा समज होतो. वास्तवात मार्क १९८८ मध्ये, सोल येथे सहावा आल्यानंतर, ड्यूपाँटपासून दूर झाला. डेव्ह सहकुटुंब इस्टेटीवर स्थायिक झाला तो त्यानंतर, १९८९ मध्ये. खून झाला १९९६ मध्ये. मधली सात वर्षे चित्रपटात नाहीत.

याचा परिणाम असा, की पडद्यावरची हत्या मत्सर, अपमान आणि आईच्या तिरस्कारातून आलेली वाटते. प्रत्यक्षात त्या वर्षांत ड्यूपाँटचा आजार उघडपणे बळावत गेला होता. घराच्या भिंतींमध्ये माणसे दडली आहेत, आपल्यावर पाळत ठेवली जात आहे, असे त्याला वाटे. काळ्या रंगाची त्याला भीती वाटू लागली आणि १९९५ मध्ये कृष्णवर्णीय मल्लांना त्याने संघातून काढून टाकले. त्याच वर्षी त्याने एका मल्लावर बंदूक रोखून त्याला इस्टेटीबाहेर जाण्यास फर्मावले. ही तक्रार पोलिसांपर्यंत गेली, पण तिचे पुढे काही झाले नाही. स्थानिक पोलीस अधिकारी त्याच्याच इस्टेटीवर नेमबाजीचा सराव करीत असत.

म्हणजेच, या माणसाला उपचारांची गरज आहे आणि त्याच्या हाती शस्त्र असणे धोक्याचे आहे, हे कोणाला दिसत नव्हते असे नाही. परंतु मल्लांना घर आणि वेतन त्याचे, महासंघाला देणगी त्याची, पोलिसांना मैदान त्याचे, सल्लागारांना आणि नोकरांना पगार त्याचा. सामान्य घरातील माणूस असे वागू लागला असता, तर कोणी ना कोणी त्याला डॉक्टरकडे नेले असते किंवा त्याची शस्त्रे काढून घेतली असती. ड्यूपाँटच्या बाबतीत त्याची संपत्तीच त्याच्या आणि उपचारांच्या मध्ये उभी राहिली. या मिंधेपणाची किंमत शेवटी डेव्हने चुकविली; एका अर्थी आजारी ड्यूपाँटनेही चुकविली. मिलर यांच्या चित्रपटात या शांततेचे वातावरण अचूक उतरले आहे. तिचा हिशेब मात्र नाही. तो हवा असेल तर 'टीम फॉक्सकॅचर' (२०१६) हा माहितीपट पाहावा. त्यात इस्टेटीवर त्या काळी घेतलेली चित्रणे आणि तेथे राहिलेल्या मल्लांच्या आठवणी आहेत. चित्रपटात पुसट राहिलेली नॅन्सीही तेथे स्वतःच्या शब्दांत बोलते.

स्वागत आणि वाद

मे २०१४ मध्ये कान महोत्सवात चित्रपटाचा प्रथम खेळ झाला आणि मिलर यांना सर्वोत्तम दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी दिग्दर्शन, प्रमुख अभिनेता (करेल), सहायक अभिनेता (रफालो), मूळ पटकथा आणि रंगभूषा व केशभूषा अशी पाच नामांकने झाली. पुरस्कार एकही लाभला नाही. दिग्दर्शनाचे नामांकन असूनही सर्वोत्तम चित्रपटाच्या विस्तारित यादीत त्याला स्थान नव्हते. समीक्षकांनी अभिनयाची एकमुखाने प्रशंसा केली. कथेच्या थंडपणाविषयी मात्र मतभेद राहिले.

वाद उद्भवला तो खुद्द मार्क शुल्ट्झमुळे. त्याने २०१४ मध्येच 'फॉक्सकॅचर' या नावाने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले होते आणि तो चित्रपटाच्या प्रसिद्धीतही सहभागी झाला होता. परंतु आपल्या आणि ड्यूपाँटच्या नात्याला पडद्यावर शारीरिक आकर्षणाची छटा दिली गेली, असे काही समीक्षकांनी सुचविताच वर्षाअखेरीस त्याने मिलर यांच्यावर जाहीरपणे तीव्र शब्दांत टीका केली. काही दिवसांतच त्याने ती टीका मागे घेऊन दिलगिरी व्यक्त केली. जिवंत माणसाच्या आयुष्यावर चित्रपट काढताना सूचकता ही कलात्मक गोष्ट राहत नाही, एवढे मात्र या प्रकरणातून स्पष्ट झाले.

नंतर

डेव्हच्या मृत्यूनंतर नॅन्सीने त्याच्या नावाने कुस्ती संघ काढला आणि निराधार झालेल्या फॉक्सकॅचरच्या मल्लांना त्याचा आधार मिळाला. त्यांपैकी कर्ट अँगल याने त्याच वर्षी अटलांटा ऑलिम्पिकमध्ये १०० किलो गटात सुवर्णपदक जिंकले. त्याच ऑलिम्पिकमध्ये ५२ किलो गटाचे सुवर्णपदक बल्गेरियाच्या व्हॅलेंटिन योर्दानोव्हने मिळविले. तोही अनेक वर्षे फॉक्सकॅचरमध्ये होता आणि ड्यूपाँटने आपल्या मृत्युपत्रात संपत्तीचा फार मोठा हिस्सा त्याच्याच नावे केला. मार्कने मे १९९६ मध्ये पिंजऱ्यातील मिश्र युद्धकलेची एक लढत खेळली. चित्रपटाचा शेवट याच वळणावर होतो. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या क्रीडागृहावरील ड्यूपाँटचे नाव काढून टाकण्यात आले. इस्टेटीच्या जागी पुढे घरांची वसाहत उभी राहिली.

डेव्ह शुल्ट्झ त्या वर्षी अटलांटाच्या तयारीत होता. बारा वर्षांनी पुन्हा ऑलिम्पिक मॅटवर उतरण्याची त्याची जिद्द होती, आणि त्या जिद्दीसाठीच तो, धोका दिसत असतानाही, इस्टेटीवर राहिला. 'फॉक्सकॅचर' पाहताना ध्यानात ठेवावे ते हे, की पडद्यावर दिसणारा वेड्या धनिकाचा हव्यास हा या कहाणीचा एक भाग झाला. ज्या खेळाला आपल्या विजेत्यांना पोसता आले नाही आणि म्हणून जो कोणाच्याही दारी उभा राहिला, त्या खेळाचे दारिद्र्य हा तिचा दुसरा, आणि कमी चर्चिला गेलेला, भाग होय.